एडविन जॅक्सन : चौदा संघांतून खेळलेला पिचर

ओसरी

२०२५च्या जुलैत रिच हिल हा पंचेचाळीस वर्षांचा डावखुरा पिचर (बेसबॉलमधला चेंडू टाकणारा) कॅन्सस सिटी रॉयल्सकडून शिकागोच्या मैदानात उतरला आणि आमच्या घरात दोन तट पडले. हिलचा तो चौदावा संघ. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सगळ्यांत वरच्या लीगमध्ये, चौदा संघांतून खेळण्याचा विक्रम तोवर एकट्या एडविन जॅक्सनचा होता, त्या दिवशी त्याला जोडीदार मिळाला. मुलगा हिलच्या बाजूचा, मी जॅक्सनच्या. या माणसाबद्दल मराठीत सविस्तर लिहायचं तेव्हापासून मनात होतं.

आम्ही २००९ साली मिशिगनला आलो. बेसबॉलचं मला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या आजोबांनी अंगणात बसून डेट्रॉइट टायगर्सच्या मॅचचं रेडिओ समालोचन ऐकायला शिकवलं. त्या उन्हाळ्यात सारखं कानावर पडणारं एक नाव म्हणजे एडविन जॅक्सन. त्याच वर्षी तो ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत आला. त्याच्या खात्यावर १३ विजय, ९ पराभव. या खेळातलं मी पाठ केलेलं पहिलं नाव ते. आणि डिसेंबरमध्ये टायगर्सनी त्याला ॲरिझोनाला देऊन टाकलं. मला खरंच वाईट वाटलं होतं. असं कुणालाही न विचारता देता येतं, हेही तेव्हाच कळलं.

त्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगते. जन्म ९ सप्टेंबर १९८३चा, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या नॉय-उल्म गावचा, कारण वडील अमेरिकन सैन्यात. वाढला जॉर्जियातल्या कोलंबस शहरात. २००१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला सहाव्या फेरीत घेतलं. मेजर लीगमधली पहिली मॅच मिळाली ती ९ सप्टेंबर २००३ला, म्हणजे बरोबर विसाव्या वाढदिवशी. समोर ॲरिझोनाचा रँडी जॉन्सन, सहा फूट दहा इंचांचा, त्या काळातला सगळ्यांत धडकी भरवणारा पिचर. विशीतल्या पोराने सहा इनिंगमध्ये एकच रन दिली आणि मॅच जिंकली.

एवढी झोकात सुरुवात झाल्यावर पुढचं सगळं सरळ होईल असं वाटतं, पण तसं झालं नाही. चेंडूला वेग भरपूर, पण तो जाईल कुठे याचा नेम नाही. डॉजर्सनी २००६च्या जानेवारीत त्याला टँपा बेला दिलं. तिथे २००७ साली ५ विजय आणि १५ पराभव. पुढच्याच वर्षी तोच संघ नाव बदलून, रंग बदलून वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे सीझनच्या अंतिम लढतीपर्यंत, गेला आणि त्यात जॅक्सनचे १४ विजय होते. मग टायगर्स. मग ॲरिझोना.

ॲरिझोनाकडून खेळताना २५ जून २०१०ला त्याने जे केलं, त्यावर वेगळा धागा निघेल. मैदान टँपा बेचं, समोर त्याचाच जुना संघ. नऊ इनिंगमध्ये त्यांना एकही हिट मिळू दिली नाही. याला नो-हिटर म्हणतात. पण कसली नो-हिटर! पहिल्या तीन इनिंगमध्येच सात वॉक. तिसऱ्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले, म्हणजे तिन्ही ठाण्यांवर समोरचे खेळाडू उभे, आणि आउट एकही नाही. त्यातून एकही रन न देता तो बाहेर आला. शेवटी हिशोब असा : ८ वॉक, एकाला चेंडू लागला, एक एरर, १४९ चेंडू आणि १-० असा विजय. ती एकमेव रन ॲडम लारोशच्या होम रनची. ॲरिझोनाच्या इतिहासातली ती फक्त दुसरी नो-हिटर. पहिली कोणाची? रँडी जॉन्सनची, २००४ सालची. हे जुळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि त्यानंतर पाचच आठवड्यांनी, ३० जुलैला, त्याच ॲरिझोनाने त्याला शिकागो व्हाइट सॉक्सना देऊन टाकलं.

२७ जुलै २०११चा दिवस तर मी विसरूच शकत नाही. व्हाइट सॉक्सनी त्याला टोरोंटोला दिलं आणि टोरोंटोने त्याच दिवशी सेंट लुईस कार्डिनल्सना. एका दिवसात दोन बदल्या. तीन महिन्यांनी कार्डिनल्स वर्ल्ड सिरीज जिंकले आणि त्याच्या बोटात विजेत्यांची अंगठी आली.

पुढचं भरभर सांगते. वॉशिंग्टनला एक वर्ष. मग शिकागो कब्जशी चार वर्षांचा ५.२ कोटी डॉलरचा करार, आयुष्यातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत दुखरा. पहिल्या वर्षी १८ पराभव, दुसऱ्या वर्षी १५, तिसऱ्या वर्षी जुलैत रिलीज. मग ॲटलांटा, मायामी, सॅन डिएगो, बाल्टिमोर, परत वॉशिंग्टन, ओकलंड, आणि १५ मे २०१९ला सॅन फ्रान्सिस्कोत टोरोंटोच्या जर्सीत चौदावा संघ. ज्या टोरोंटोकडे २०११ साली तो काही तासांपुरता होता, तिथे अखेर आठ वर्षांनी एकदाचा मैदानात उतरला. त्याच वर्षी परत आमच्या डेट्रॉइटला आला आणि तिथेच मेजर लीगची कारकीर्द संपली. एकूण सतरा सीझन, १०७ विजय, १३३ पराभव.

लोक त्याचं नाव गमतीच्या प्रश्नमंजुषेत घेतात, याचं मला वाईट वाटतं. २००७ ते २०१३ अशी सलग सात वर्षं त्याने दर सीझनला तीसच्या वर मॅचेस सुरू केल्या. संघ कोणताही असो, पाचवा दिवस, म्हणजे आपली पाळी, आली की हा माणूस चेंडू घेऊन टेकडावर (पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर) हजर. माझ्या मते त्याची खरी कमाई ही. चौदा हा आकडा त्यातून आलाय. तुम्हाला काय वाटतं?

मैदानवेडा

ओसरी, फारच सुंदर लिहिलंय. एका दमात वाचलं.

आपल्याकडे ॲरन फिंच आयपीएलमध्ये नऊ संघांकडून खेळला, जयदेव उनाडकट आठ. पण तिथे लिलाव होतो, सीझन संपल्यावर होतो, आणि खेळाडूने आपणहून नाव दिलेलं असतं. नो-हिटर टाकून पाच आठवडे होत नाहीत तोच उचलून दुसऱ्या शहरात, हे वाचून सुन्न झालो. जुलैच्या शेवटालाच हे का होतं?

निळाई

मला बेसबॉल अजिबात कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. दोन शंका. एक, हिट न देता आठ वॉक दिले म्हणजे नेमकं काय? दोन, खेळाडूला नाही म्हणायचा अधिकारच नसतो का?

ओसरी

निळाई, पिचरने चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडले की बॅटर आयता पहिल्या बेसवर जातो. तो वॉक. आपल्याकडच्या वाइडच्या जवळचं, पण जास्त महाग. हिट म्हणजे बॅटरने चेंडू मारून स्वतःच्या जोरावर बेस गाठणं. जॅक्सनने त्या दिवशी लोकांना आयतं जाऊ दिलं, मारून मात्र एकालाही जाऊ दिलं नाही.

नाही म्हणायचा अधिकार असतो, पण फार उशिरा. मेजर लीगमध्ये एकूण दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात काढली, की तुमच्या संमतीशिवाय ट्रेड करता येत नाही. काही जणांच्या करारात तसं वेगळं कलम असतं. जॅक्सनची दहा वर्षं झाली, पण एका संघात सलग पाच कधीच नाही. म्हणजे ज्याला या कलमाची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच ते मिळू शकत नव्हतं, कारण तो सारखा ट्रेड होत होता!

मैदानवेडा, ट्रेडची मुदत ३१ जुलैच्या आसपास संपते. ज्यांना ऑक्टोबरची, म्हणजे वर्ल्ड सिरीजची, स्वप्नं पडतायत ते त्याआधी भरवशाचा पिचर शोधतात, आणि ज्यांनी आशा सोडलीय ते असलेला पिचर देऊन तरुण पोरं घेतात. जॅक्सन या बाजारात नेहमी असायचा.

सह्यकडा

लेख छान आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. पराभव विजयांपेक्षा २६ने जास्त. ईआरए ४.७८, म्हणजे दर नऊ इनिंगमागे स्वतःच्या खात्यावर जवळजवळ पाच रन. हा मधल्या फळीतलाही खालचा पिचर झाला. ज्या ट्रेडमध्ये टायगर्सनी त्याला दिलं त्याच तीन संघांच्या व्यवहारात त्यांच्याकडे मॅक्स शर्झर आला, आणि २०१३ साली त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. ॲरिझोनाने व्हाइट सॉक्सना जॅक्सन दिला आणि डॅनियल हडसन घेतला. हडसनने पुढच्याच वर्षी १६ मॅचेस जिंकल्या. म्हणजे त्याला देणारे फायद्यात राहिले. त्याला चौदा संघांनी घेतलं हे जितकं खरं, तितकंच तेरांनी ठेवलं नाही हेही खरं. आपण त्याच्याबद्दल हळवे होतोय का?

ओसरी

सह्यकडा, आकडे सगळे बरोबर आहेत. हळवी आहेच मी, पहिलं पाठ केलेलं नाव आहे.

पण त्या आकड्यांची फोड करून बघा. २०१९ साली, छत्तिसाव्या वर्षात, ईआरए ९.५८. त्याआधी कब्जकडची दोन-अडीच वर्षं. ही बाजूला ठेवली तर चित्र पुष्कळ बदलतं. बाजूला का ठेवायची, असं तुम्ही म्हणाल. तर ती ठेवू नयेतच. त्याने ती वर्षं टेकडावर उभं राहून काढलीत. माझं म्हणणं एवढंच की शेवटच्या वर्षी त्याने अंगाला जपलं असतं, आपणहून थांबला असता, तर आकडा गोंडस दिसला असता. तो थांबला नाही.

ट्रेडच्या दुसऱ्या बाजूला कोण होतं ते बघितलं की त्याचा भाव कळतो. शर्झर, हडसन हे असेच कुणी फुकट देत नाही. आणि देणारा दरवेळी फायद्यात राहिला असंही नाही. कार्डिनल्सनी कोल्बी रॅस्मससारखा तरुण सेंटर फील्डर दिला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज घेतली. सेंट लुईसमध्ये विचारून बघा कोणाला पस्तावा झालाय का. हो, सिरीजच्या चौथ्या मॅचमध्ये जॅक्सनने सात वॉक दिले आणि ते हरले, हेही लिहायला हवं.

त्या व्यवहारात कार्डिनल्सकडे त्याच्यासोबत ऑक्टाव्हियो डोटेलही गेला होता. तेरा संघांचा आधीचा विक्रम याच डोटेलचा. एकाच दिवशी, एकाच कागदावर, विक्रमाचे पुढचे दोन मालक.

खानदेशी_चेंडू

मी जळगावकडची, शाळेत सॉफ्टबॉल खेळले, आता मुलींना शिकवते. आमच्याकडे हात खालून फिरतो, बेसबॉलमध्ये वरून. दोन्हींत खांद्याचे हाल वेगळे. १४९ हा आकडा वाचून पोटात गोळा आला.

आजकाल शंभराच्या आसपास चेंडू झाले की पिचरला बसवतात. पिचरचा टेकडापासून होम प्लेटपर्यंतचा टप्पा १८.४४ मीटर. तेवढ्यात १५०च्या वेगाने चेंडू घालायचा, प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीने. आपल्या फास्ट बॉलरला धावत येऊन जोर घेता येतो. पिचर एका जागी उभा असतो, सगळा जोर कंबर, खांदा आणि कोपरातून काढायचा. आमच्या मुलींचं मी बोटांवरून ओळखते. थकली की मधलं बोट शिवणीवरून आधी सुटतं आणि चेंडू वर राहतो. मग मी काही न बोलता जाऊन चेंडू मागून घेते. एक-दोघी रडतात, पण देतात.

जोहान सँटानाने १ जून २०१२ला न्यूयॉर्क मेट्सची पहिलीवहिली नो-हिटर टाकली, १३४ चेंडूंत. त्याचा खांदा आधीच शस्त्रक्रियेतून गेलेला होता. ते वर्ष मेजर लीगमधलं त्याचं शेवटचं ठरलं. जॅक्सनने १४९ टाकले आणि त्यानंतर नऊ वर्षं खेळला. कोच म्हणून मी त्याला बसवलं असतं. पण ज्या मॅनेजरने बसवलं नाही, त्या ए. जे. हिंचच्या जागी स्वतःला ठेवलं की बोलतीच बंद होते. आठवी इनिंग, हिट शून्य, आणि समोरचा म्हणतोय की माझ्या हातून चेंडू घेऊ नका. काय करणार?

मैदानवेडा

खानदेशी, बोटांचं निरीक्षण फार आवडलं. यावर स्वतंत्र लिहा ना.

तांब्याचा_बंब

ओसरीताई, तुमच्या लेखात मला माझं लहानपण दिसलं. वडील बँकेत होते. दर अडीच-तीन वर्षांनी बदलीची ऑर्डर. बारावीपर्यंत माझ्या सहा शाळा झाल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते अगदी शब्दशः. आईने गाद्यांच्या वळकट्या बांधायच्या सुतळ्यासुद्धा जपून ठेवल्या होत्या, पुढच्या वेळेला लागतील म्हणून. एकदा ऐन सहामाहीच्या तोंडावर ऑर्डर आली. नव्या शाळेत गेलो तर तिथे इतिहासाचे धडे आमच्यापेक्षा चार पुढे. त्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झालो आणि बाबा माझ्याशी दोन दिवस नजर मिळवून बोलले नाहीत. रागावले होते म्हणून नाही, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली.

या खेळाडूंच्या घरच्यांचं काय होत असेल? जुलैमध्ये ट्रेड म्हणजे घर, पोरं, सगळं एका शहरात आणि माणूस दुसऱ्या.

ओसरी

तांब्याचा_बंब, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. सुतळ्या.

त्याच्या घरातलं मला माहीत असायचं कारण नाही, पण एक मनात येतं. तो सैनिकाचा मुलगा. जन्मच परक्या देशातल्या छावणीच्या गावात झालेला. नव्या ठिकाणी गेलं की दुसऱ्या दिवसापासून कामाला लागायचं, हे अशा घरात लहानपणीच अंगवळणी पडत असावं. आणि पिचरचं काम मोठं कठीण, नवीन कॅचरशी एका दिवसात सूर जुळवावा लागतो. कोणत्या बोटाच्या खुणेला कोणता चेंडू, बेसवर माणूस असताना खुणा कशा बदलायच्या, स्लायडर मातीत आपटला तर कॅचर अडवेल की नाही, हा भरवसा एरवी महिनोन् महिने बांधला जातो.

२५ जून २०१८ची संध्याकाळ सांगते, कारण ती मी डोळ्यांनी पाहिलीय. ओकलंडचा संघ डेट्रॉइटला आलेला. त्यांचे पिचर एकामागून एक जायबंदी झालेले, म्हणून मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळीवर, धडपडणाऱ्या जॅक्सनला बोलावलं. तेरावा संघ, म्हणजे डोटेलची बरोबरी, आणि तारीख नो-हिटरची. आठ वर्षांनी त्याच दिवशी. आम्ही मुद्दाम लवकर गेलो आणि डाव्या बाजूला, पाहुण्यांच्या बुलपेनच्या (पिचर हात मोकळा करतात त्या जागेच्या) जवळ जाऊन उभे राहिलो. हिरव्या-पिवळ्या जर्सीत तो शांतपणे चेंडू टाकत होता. आधी हळू, मग जरा जोरात. प्रत्येक चेंडूनंतर ग्लोव्ह काखेत धरायचा, दोन्ही तळव्यांत नवा चेंडू चोळायचा, बुटाच्या टोकाने पाय टेकायच्या जागेची माती खरवडायचा, आणि मगच परत उभा राहायचा. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसला की फटाका वाजल्यासारखा आवाज येई. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. तो म्हणाला, आई, हा तर अजिबात घाबरलेला नाही. मी म्हटलं, अरे, त्याचं हे तेराव्यांदा आहे.

त्या सीझनमध्ये त्याने ओकलंडसाठी १७ मॅचेस सुरू केल्या, ६ जिंकल्या, ३ हरला, ईआरए ३.३३. वयाच्या पस्तिशीत. ओकलंडने ९७ मॅचेस जिंकून प्लेऑफ गाठलं.

सह्यकडा

२०१८चं मी पार विसरलो होतो. ३.३३ म्हणजे खरंच उत्तम. हळवेपणाचं वाक्य मागे घेतो. सरासरी पिचर हे मत मात्र कायम ठेवतो.

ओसरी

ठेवा की! सतरा वर्षं मेजर लीगमध्ये सरासरी राहणं किती जणांना जमलंय ते बघू कधीतरी निवांत.

दूरदेशी

योकोहामात नोकरीला आहे म्हणून एक भर घालतो. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघात जॅक्सन होता. मेजर लीगचे चालू खेळाडू तिथे येत नाहीत, म्हणून संघ होता तो कोवळ्या पोरांचा आणि उतारवयातल्या जुन्या खोडांचा. ७ ऑगस्टला इथे योकोहामाच्या स्टेडियमवर फायनल झाली, जपानने २-०ने जिंकली. प्रेक्षकांना बंदी होती, त्यामुळे आम्ही टीव्हीवरच पाहिलं. जॅक्सनला रौप्यपदक मिळालं आणि पुढच्याच महिन्यात त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच संघात स्कॉट कॅझमिरही होता. २००८ साली टँपा बेच्या वर्ल्ड सिरीजवाल्या संघात हे दोघं सोबत पिचिंग करायचे. तेरा वर्षांनी परत एका डगआउटमध्ये.

निळाई

काल रात्री त्या नो-हिटरचा व्हिडिओ शोधून काढला. पहिल्यांदाच बेसबॉल असा लक्ष देऊन पाहिला. तिसऱ्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरले तेव्हा मी उठून उभी राहिले होते, सोळा वर्षांपूर्वीची मॅच असून! रन न देता तो परत जायला लागला, तर चेहऱ्यावर काहीच नाही. आनंदही नाही. शेवटच्या आउटला मात्र सगळे त्याच्या अंगावर धावून आले. नवरा विचारत होता, कोण जिंकलं? मी म्हटलं, एडविन.

ओसरी, आता हिलच्या त्या मॅचचा दुवा द्या. आणि तुमच्या लेकाला सांगा, मी अजून कुठल्याच तटात नाही.

ओसरी

सांगितलं. तो म्हणतो, नक्की बघा, आणि बघताना हिलच्या संथ कर्व्हबॉलकडे लक्ष ठेवा, मग मावशी माझ्याच बाजूला येतील. दुवा व्यनि करतेय.